ताब्यातली करवत

दमनहूरच्या सरकारी रुग्णालयात सकाळी आठ वाजता जी नळी फुटली ती दोन इंची, जस्त चढवलेल्या लोखंडाची होती, आणि डायलिसिसच्या चौदाही यंत्रांचे पाणी तिच्यातूनच जात होते. वगदी शाहीन एकोणीस वर्षे याच इमारतीच्या नळ्या सांभाळत आला होता. त्याची थोरली बहीण रौहिया त्या दिवसाच्या यादीत सातवी होती. तिची डायलिसिसची मागची पाळी वीज गेल्यामुळे हुकली होती. चेहरा सुजला होता, आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ती धाप लपवत बोलत होती.

"किती वेळ लागेल रे?"

"तासभर, अब्ला. फुटलेला तुकडा कापायचा, नवा बसवायचा. झालं."

हाती योग्य हत्यार असते तर ते खरेही ठरले असते. नळी भिंतीतल्या एका अरुंद पोकळीत होती. तिची पाठ भिंतीला टेकलेली, आणि चार बोटांवर अतिदक्षता विभागाला प्राणवायू नेणारी तांब्याची नळी. मुख्य अभियंता अशमावी ग्राइंडर घेऊन जातीने हजर झाले. त्यांनी याआधी कोणत्याही हत्याराला हात लावल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते.

"दोन मिनिटांचं काम, उस्ता. लावा चक्री."

"ठिणग्या उडतील, साहेब. शेजारी ऑक्सिजन आहे. एखादा सांधा झिरपत असला तर सगळे रोगी एकदमच सुटतील. आपणही."

"मग तो गोल फिरवायचा कटर घ्या."

"तो फिरायला मागं जागा लागते. भिंतीला विचारून बघतो, सरकते का."

अशमावींनी हा विनोद शासकीय गांभीर्याने ऐकला. हातकरवतीची चौकट पोकळीत शिरत नव्हती, आणि चौकटीशिवाय तिचे पाते वाकत होते. उरली ती एकच: पुढेमागे चालणारी विजेची करवत. तिचे लांब, पातळ पाते सांदीत जाते, बारीक दातांनी लोखंड थंडपणे कापते, ठिणगी उडवत नाही. वगदीने बाजारात फोन लावले. दोन दुकानदारांनी ग्राइंडरच घ्या म्हणून गळ घातली. तिसरा म्हणाला, अलेक्झांड्रियाहून मागवतो, परवा येईल.

आणि तशीच एक करवत रुग्णालयाच्या भांडारात होती. कोणा दात्याने चार वर्षांपूर्वी दिलेली, लाल लाखेच्या मोहोरेसह.

भांडारपाल मदाम करीमान यांनी त्याला आधी चहा दिला. ही वाईट खूण होती.

"अहो मदाम, चहा नको, करवत द्या."

"उस्ता वगदी, ती माझ्या उहद्यात आहे."

उहदा म्हणजे ताबा. ज्या सहीने वस्तू घेतली, त्याच सहीच्या धन्याने ती निवृत्तीच्या दिवशी धडधाकट मोजून द्यायची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून या देशातल्या भांडारपालांनी एक सिद्धांत काढला आहे आणि तर्काच्या कसोटीवर तो निर्दोष आहे: जी वस्तू वापरली जात नाही, ती मोडत नाही. मदाम करीमान यांच्या आधीच्या गृहस्थाने हा सिद्धांत एकदाच मोडला, ड्रिल मशीन बाहेर दिले, आणि त्याच्या तुटलेल्या मुठीबद्दल अकरा महिने चौकशीसमोर उभा राहिला.

"मोहोर तोडायला तिघांची समिती लागते," त्या म्हणाल्या. "माझी तिघं मुलं आहेत, उस्ता. शिव्या दे हवं तर. मी ऐकून घेईन."

त्याने शिव्या दिल्या नाहीत. चहा तसाच ठेवून तो समितीचे सदस्य शोधायला उठला.

समिती जमवण्यात सकाळ गेली. पहिला सदस्य जागेवर होता. दुसरा नमाजाला गेला तो परतायचा विसरला; त्याला शोधून आणावे लागले. तिसऱ्या जागेसाठी तांत्रिक जाणकार हवा होता. रुग्णालयात जाणकार एकच होता, वगदी, आणि मागणी त्याचीच असल्यामुळे नियमाने तोच अपात्र. अखेर अशमावींना जाणकार ठरवण्यात आले. दुपारी दीड वाजता मोहोर तुटली.

करवत कोरी होती. तेल, पिशवी, पाच पाती, सगळे यादीप्रमाणे. वगदीने बॅटरी चार्जरमध्ये बसवली. लाल दिवा लुकलुकू लागला आणि लुकलुकतच राहिला. चार वर्षे एकदाही चार्ज न झालेली बॅटरी कधीच मेली होती. करवतीला वायर नव्हती. ती केवळ बॅटरीवरच चालणारी होती.

"पण तुटलेलं काही नाही ना?" मदाम करीमान यांनी विचारले.

"नाही, मदाम. एक ओरखडाही नाही."

दोन वाजता संचालकांनी चौदाही रुग्णांना मायक्रोबसने अलेक्झांड्रियाला पाठवायचा हुकूम काढला. रौहिया भावाचा खांदा धरून पायरी चढली.

"तू तर तासभर म्हणाला होतास."

"नळीच हट्टी निघाली, अब्ला."

"तुझ्यावरच गेलीय मेली."

बस निघाल्यावर त्याने भांडारात येऊन मदाम करीमान यांच्यापुढे हात पसरला. त्यांनी दाराकडे पाहिले, एक पाते काढून त्याच्या तळहातावर ठेवले आणि पुटपुटल्या, "पाच होती. पाचच परत दे." त्याने पात्याच्या बुडाला फडके गुंडाळले आणि पोकळीत खांदा घालून हाताने कापायला बसला. पाते जेमतेम बोटभर पुढे जाई, बोटभर मागे येई. यंत्राने पाच मिनिटांत कापावे ते तो साडेतीन तास कापत राहिला. फडके आधी काळे झाले, मग तांबडे. सहाच्या सुमारास नवा तुकडा बसला, आणि चौदाही यंत्रांत पाणी चढले. खुर्च्या रिकाम्या होत्या. परिचारिकेची पाळी संपत आली होती. ती एकेका यंत्रावर चादर ओढत गेली.

मदाम करीमान फॉर्म घेऊन वर आल्या. करवत परत, विनावापर. पाती पाच, एकाला दात उरले नव्हते, पण दातांचा रकाना फॉर्मवर नव्हता. त्याने डाव्या हाताने सही केली. अशमावींनी वर शेरा मारला: बिघाड त्याच दिवशी दुरुस्त.

सातला फोन आला. रौहियाच्या मागे गर्दीचा गलका होता.

"आमचे नंबर एकतिसाच्या पुढचे," ती थांबत थांबत म्हणाली. "आज चोविसापर्यंतच घेणार. उद्या बघू म्हणतात. इथंच पडलोय फरशीवर." मग तिने विचारले, "वगदी, तिकडं पाणी आलं का रे?"

त्याच्या पाठीमागे शुद्धीकरणाचा पंप एका लयीत चालला होता. त्याने फोन पंजाने झाकला आणि जिन्यात, जिथे तो आवाज पोहोचत नव्हता, तिथवर उतरून गेला.

"नाही, अब्ला," तो म्हणाला. "अजून नाही. बरं झालं तू गेलीस."