गुणाजीच्या पोटाचं गाऱ्हाणं

गुणाजी परब आडवा झाला की त्याच्या पोटावर ठेवलेली पाण्याची वाटी आपोआप डुलते, ही बातमी भांडुपच्या चाळीत आधी करमणूक म्हणून पसरली. शेवंतीने नवऱ्याला ओवा दिला, हिंग दिला, एरंडेल पाजलं. वाटी डुलतच राहिली. शेवटी ती त्याला नाक्यावरच्या डॉक्टर उत्तरा कामतांकडे घेऊन गेली. वाटीही नेली, पुरावा म्हणून.

उत्तराबाई एरवी सर्दीच्या पेशंटलाही दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाईल इतकं झापायच्या. गुणाजीच्या पोटावर हात ठेवला आणि त्या गप्प झाल्या. गुणाजी घाबरला तो इथेच. मग बाईंनी समजावून सांगितलं. हृदयातून निघणारी महाधमनी पोटात फुगली होती, सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो तशी. फुटली तर इस्पितळ गाठायलाही सवड मिळायची नाही. त्याआधी ऑपरेशन करून तिथे कापडाची नळी शिवायला हवी.

गुणाजीने संपात नोकरी जाईपर्यंत गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून जन्म काढला होता. आता तो मुलुंडला एका कारखान्यात वॉचमन होता. त्याने विचारलं, "कापड खयचा?"

"टेरिलीनच्या जातीचं."

आयुष्यभर सुती विणून शेवटी पोटात टेरिलीन, याचं त्याला जरा वाईट वाटलं.

पुढे चिठ्ठ्यांचा प्रवास सुरू झाला. घाटकोपरला सोनोग्राफी, मुलुंडला हृदयवाले, मग मूत्रपिंडवाले आणि गावात, म्हणजे दादरपलीकडे, मोठ्या इस्पितळात सर्जन. प्रत्येकाने गुणाजीच्या पोटावर हात ठेवून मान डोलावली. इतकं कौतुक त्याच्या पोटाचं लग्नातही झालं नव्हतं. पण सर्जन म्हणाले, आधी हृदयवाल्यांचं मत आणा. हृदयवाले म्हणाले, आधी मूत्रपिंडवाल्यांचं. आणि मूत्रपिंडवाले म्हणाले, सर्जन काय म्हणतात ते कळल्याशिवाय मी काय सांगू? चिठ्ठ्या फिरत राहिल्या, ट्यूब फुगत राहिली.

मग उत्तराबाई एका दुपारी शेजारच्या केमिस्टच्या फोनला चिकटल्या. दुकानातली गिऱ्हाइकं खोळंबली, केमिस्टाने दोनदा खाकरून पाहिलं, पण बाई उठल्या त्या तिन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावून, मंगळवार ठरवूनच. गुणाजीचे डोळे पाणावले. आणि तेवढ्यात तो म्हणाला, "पण बाय, देवाक इचारल्याबगर मी टेबलार झोपूचंय नाय."

शेवंतीने कपाळावर हात मारला. गुणाजीला तर लगेच एस.टी.ने गावी निघायचं होतं. उत्तराबाईंनी चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं.

"घाटातल्या खड्ड्यांत तुझी ट्यूब फुटेल. देवाचं मत हवंय ना? मग चिठ्ठीवर पाठवू. तिथे तुझं कोण आहे?"

धाकटा भाऊ दशरथ होता. गावच्या पोस्टात ट्रंक कॉल लागला आणि दशरथने देवळात कौल लावला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार. पाकळी डावीकडे पडली.

शेवंती रडायला लागली. गुणाजीने भिंतीकडे तोंड केलं. उत्तराबाई चाळीत आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या.

"देव नाही म्हणाला की तुमच्यात विषय संपतो?"

"संपना नाय," गुणाजी भिंतीलाच म्हणाला. "काय रवला काय, म्हणान परत इचारतत."

"मग विचारा की. मीही विचारते."

इकडे दशरथला निरोप गेला, तिकडे बाई पुन्हा केमिस्टच्या फोनवर. प्रत्येकाला एकच प्रश्न: काय राहिलं? तिन्ही डॉक्टर म्हणाले, काही नाही. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या, "रक्त कुठेय?" रक्ताची सोय दुसऱ्या कोणीतरी केली असणार, असं सर्वांनीच धरलं होतं. मंगळवारी पोट उघडलं असतं, तर तिथे बाटली एकही नव्हती.

संध्याकाळी दशरथचा फोन आला: काहीतरी राहिलंय का, या प्रश्नाला कौल उजवा. हे देवाने शोधलं की बाईंनी, यावर भांडुपमध्ये अजून एकमत नाही. उत्तराबाई म्हणतात, दोघांनाही फोन करावा लागला.

चाळीचं भजनी मंडळ बुवा-पखवाजासकट रक्तपेढीत गेलं. मंगळवार हुकला, पण राहिलेलं भरून निघाल्यावर गुणाजी टेबलावर झोपला आणि शुक्रवारी नळी बसली.

गुणाजी टाके सांभाळत उठून बसू लागला, त्या दिवशी भेटीच्या वेळेत मंडळ खाटेभोवती उभं राहिलं. देवाला घालायच्या गाऱ्हाण्यात एकाही देवस्थळाचं नाव गाळायचं नसतं, राहिलेला देव रुसतो. गुणाजीने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ज्या घाटकोपरच्या मशिनवाल्यान फोटो काढल्यान, मुलुंडच्या हृदयवाल्यान, मूत्रपिंडवाल्यान, सर्जनान हात लावल्यान, सिस्टरीन आठवण केल्यान, ज्या केमिस्टान फोन दिल्यान, तेंका सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडळाने साथ दिली. शेजारच्या खाटेवरच्या गुजराती शेठनेही दिली.

दारात उत्तराबाई उभ्या होत्या. गुणाजीने त्यांना पाहिलं आणि जोडलेले हात तिकडे वळवले.

"आणि ज्या आमच्या बायन ह्या सगळ्या देवांक एका जाग्यार आणल्यान, तिच्या घराक कधीतरी फोन मिळूंदे रे म्हाराजा!"

बाईंचा फोनसाठीचा अर्ज टेलिफोन खात्यात सात वर्षं पडून होता. त्यांनी चष्मा पुसला, मंडळाकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या आधी, सर्दीवाल्यांना झापायच्या आवाजात म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."