कोंडवाड्यात पडलेलं खोकं

सातूने फुगा सोडला होता खरा, पण तो उतरावा कुठे हे काही तिच्या हातात नव्हतं. लॅपलंडात एवढं ओसाड रान पडलेलं असताना फुग्याखालचं मोजणीयंत्रांचं खोकं नेमकं रेनडिअरांच्या कोंडवाड्यात पडलं, आणि तेही वर्षातून एकदा कानांवर खुणा करायला कळप आत घेतात त्याच दिवशी.

रेनडिअर पाळणाऱ्यांच्या कळपसंघाचा प्रमुख, म्हातारा ओउला, खोक्यावर बूड टेकून कॉफी पीत होता.

"ओउलाकाका, ते माझं आहे."

"कान बघू."

"खोक्याला कान कुठून येणार?"

"मग खूणही नाही. ज्याच्या कानावर मालकाची खूण नाही, ते जनावर संघाचं. हा बापजाद्यांचा कायदा आहे, पोरी."

कुंपणाला रेललेली मंडळी खो खो हसली. सातू मात्र रडकुंडीला आली. पृथ्वीभोवती अडकलेले इलेक्ट्रॉन सुटून हवेत कसे पडतात, याच्यामागे तिने तीन वर्षं घालवली होती. फुग्याचा रेडिओ वरच मेला होता, त्यामुळे सगळी मोजणी त्या खोक्यातच होती. खोकं गेलं की डॉक्टरेट गेली.

"आत आहे तरी काय?" ओउलाने विचारलं.

तिने समोर पाहिलं. कळप गोल गोल फिरत होता.

"तुमची जनावरं फिरताहेत ना, तसेच इलेक्ट्रॉन पृथ्वीभोवती फिरतात. चुंबकाचं कुंपण असतं. उत्तरेला जातात, मागे वळतात, दक्षिणेला जातात, पुन्हा वळतात."

"खुळेच आहेत की!"

"मग एखादी लहर येते. कुंपण तुटत नाही हं! नुसते बिचकतात, रोख बदलतो, आणि वळायच्या जागी न वळता थेट खाली, अस्से!"

आणि तिने दोन्ही हात उंच नेऊन धाडकन खाली आणले. जॅकेट फडफडलं. पुढची मादी बिचकली आणि अर्धवट उघड्या फाटकाकडे वळली. बघता बघता निम्मा कळप रानात पसार झाला.

ओउला खोक्यावरून उठला.

"समजलं," ओउला म्हणाला.

दुपारभर सातू जनावरं अडवायची गोणपाटाची लांब पट्टी धरून सगळ्यांबरोबर बर्फ तुडवत होती. शिव्या खाल्ल्या, दोनदा तोंडावर आपटली, पण जनावरं आत आली. मग ओउलाने सुरी काढली, खोक्याच्या थर्मोकोलवर, कानाला पाडतात तशा, दोन खाचा पाडल्या आणि ते तिच्यापुढे सरकवलं.

"घे. आता तुझं."

तिने तिथेच लॅपटॉप जोडला. पडद्यावरची रेघ बराच वेळ सपाट गेली आणि एकदम उभी चढली. सातू किंचाळलीच.

"मिळालं! काका, बघा, केवढे सुटले!"

"परत येतात का ते?"

"छे! हवेवर आपटून संपतात. अख्खा लोंढा गेला!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

ओउलाने टोपी काढली. मागच्यांनीही काढल्या. थर्मासमधली उरलीसुरली कॉफी तिच्या हातात देत तो हळूच म्हणाला, "रड, पोरी. मनात ठेवू नकोस. आमची जनावरं निदान परत तरी आली."