लुसियनची शिष्यवृत्ती

“पोरगा खेळो न खेळो, शिकून पदवी घेईल, एवढं त्या कोचकडून वदवून घे,” असं माझे यजमान शेवटच्या आजारात सांगत. माझ्या मुलाला, लुसियनला, कॉलेजच्या संघात न्यायला आलेल्या कोचने आमच्या स्वयंपाकघरात बसून तसा शब्द दिला, आणि यंदा तो कोचच दुसऱ्या कॉलेजात निघून गेला.

नवे कोच प्रुइट आले. संघ सुरुवातीला हरतच राहिला, त्यात लुसियनचा गुडघा गेला. खेळाडूंची शिष्यवृत्ती दर वर्षी नव्याने मिळते. ती गेली तर त्याचं कॉलेज सुटणार होतं. मी जपमाळ ओढत राहिले.

एका शुक्रवारी प्रुइट दारात आले.

“बाई, आधीच्या कोचनी काय कबूल केलं होतं?”

मी सांगितलं.

“म्हणजे जेवले ते, भांडी मी घासायची,” ते हसले.

“कोळंबीचा गंबो रस्सा केलाय, भात आहे, तुम्हीही जेवा.”

“शब्द पाळल्यावर जेवीन.”

पुढे संघ जिंकू लागला. शेवटच्या सामन्यानंतर सगळी पोरं मैदानात नाचत होती. लुसियनची शिष्यवृत्ती नव्या मुलाला द्या म्हणणारे कॉलेजचे क्रीडा संचालक वर गॅलरीत बसले होते. प्रुइट टोपी काढून लुसियनसाठी शब्द टाकायला एकटेच गॅलरीच्या पायऱ्या चढू लागले.