डावीकडून सारलेली फळी

सासरे आमच्याकडे राहायला येणार म्हणून मी मागच्या खोलीत फळ्यांची नवी जमीन करत होतो. एरल डिग्बी त्यांचं नाव. ह्यून नदीच्या खोऱ्यात जन्मभर त्यांनी ओंडक्यांचे ट्रक चालवले. खुब्याचा सांधा बदलल्यावर त्यांनी एकटं राहू नये, असं माझ्या बायकोचं, रोझलिनचं म्हणणं. त्यांना ते मुळीच पटलं नव्हतं. तरी शनिवारी सकाळी, मी फळ्या तयार करत होतो त्या शेडमध्ये येऊन उभे राहिले. माझ्याच खोलीचं काम आहे, नुसता बघत बसणार नाही, म्हणाले.

टेबलाखाली राऊटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, बसवला होता. फिरणारं पातं टेबलातून बोटभर वर आलेलं. फळी उजवीकडून डावीकडे सारत न्यायची. एका कडेला खाच, मग पातं बदलून दुसऱ्या कडेला जीभ. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसली की जमीन हलत नाही. खाचा काढून झाल्या होत्या. जिभेचं पातं चढवून मी त्यांना उजव्या बाजूला उभं केलं आणि दोन फळ्या करून दाखवल्या. तू जन्मायच्या आधीपासून लाकूड ओळखतो, असं पुटपुटत त्यांनी तिसरी हातात घेतली. मी पुढच्या फळ्या आणायला वळलो.

यंत्राचा आवाज एकदम चिरकला. मागे पाहिलं तर सासरे टेबलाच्या डाव्या बाजूला उभे होते, आणि त्यांच्या हातात फळी नव्हती. उलटीकडून सारलेली फळी पात्याने ओढून उजवीकडे भिरकावली होती. उजवीकडे दार. दारात रोझलिन, हातात चहाचे कप. फळी तिच्या कमरेला घासून दाराच्या चौकटीत घुसली होती आणि अजून थरथरत होती.

मी बटण बंद केलं. रोझलिनने कप एकेक करून बाकावर ठेवले, एकही न सांडता, आणि मग ती भुशातच खाली बसली. तिच्या स्वेटरचा खिसा फाटून लोंबत होता. मी तिचं पोट, बरगड्या पुन्हा पुन्हा चाचपत राहिलो. कुठेच लागलं नव्हतं, पण माझे हात थांबेनात.

"मी तुम्हाला उजवीकडे उभं केलं होतं," मी सासऱ्यांना म्हणालो.

ते स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते. "तिकडून पातं डाव्या हाताला येतं," ते म्हणाले. "डाव्या डोळ्याने मला दिसत नाही. उन्हाळ्यापासून."

रोझलिनने मान वर केली. मला वाटलं, ती फळीबद्दल बोलेल.

"बाबा, तू रोज टिल्डाला गाडीने शाळेत सोडतोस."

टिल्डा आमची मुलगी, सात वर्षांची.

"हळू चालवतो मी."

"डावीकडे फुटपाथवर पोरं उभी असतात."

आमच्या फाटकाचा डावा खांब एप्रिलमध्ये कुणी वाकवला, ते मला तेव्हा कळलं.

रोझलिन उठून शेडमागे गेली. तिला उलटी झाल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला. परत आली तेव्हा सासरे म्हणाले, "सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असती तुम्ही."

"घेतली असती," ती म्हणाली. "आणि जिथे म्हणशील तिथे मी तुला नेलं असतं. एवढंच झालं असतं."

त्यानंतर दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. आजोबा न्यायला का येत नाहीत, असं टिल्डाने विचारलं. गाडी बिघडलीय, असं मी सांगणार होतो, पण ते स्वतःच तिला म्हणाले, "गाडी धड आहे. मी नाही."

मी त्यांना होबार्टला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. काचबिंदू निघाला. डावा डोळा गेलेला, उजव्यातही सुरुवात झालेली. पण रोज थेंब घातले तर तो टिकेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परतताना ह्यूनव्हिल गाव आलं. भूक लागलीय, सासरे म्हणाले. मी दोन स्कॅलप पाय, म्हणजे शिंपल्यांचं सारण भरलेल्या भाजक्या कचोऱ्या, घेतल्या आणि नदीकाठी गाडी थांबवली. त्यांनी एक घास खाल्ला आणि उरलेली कचोरी परत पिशवीत ठेवली.

"ती फळी वीतभर आत गेली असती तर रोझलिनला..." ते म्हणाले.

पिशवी मी माझ्याकडे घेतली आणि गाडी घराकडे वळवली.