पिशवीतली केशरी कुपी

मी एक कुपी बोलतेय. औषधाची आहे, पण औषधाच्या दुकानात शोधाल तर सापडायची नाही. मी राहते कॉम्प्युटरवरच्या एका गेममध्ये. तिथे जमिनीखाली एकाखाली एक अंधारे मजले आहेत आणि मजल्यामजल्यावर सापळे आहेत, दोन्ही जातींचे: पाय अडकवणारे आणि हाडं वाजवत अंगावर येणारे. त्यांच्यातून वाट काढत एक लढवय्यी खाली खाली उतरत असते. ती मरायला टेकली की तिने मला प्यायचं, म्हणजे तिच्या अंगात पुन्हा पहिल्यासारखा जीव येतो. माझं काम एवढंच, आणि तेही जन्मात एकदाच.

माझा जन्म सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत झाला. खालून हातोडीची ठकठक यायची आणि वर तिघं जण मान मोडून काम करायची. एक चित्रं काढणारी, एक आवाज करणारा आणि एक नियम लिहिणारा. चित्रकारणीने मला गोल पोट दिलं, बारीक मान दिली आणि रंग दिला केशरी. जगातल्या सगळ्या गेममधली औषधं लालच का, यावर तिचं इतरांशी वाजलं होतं. शेवटी साध्या कुप्या लाल ठरल्या आणि मी एकटी केशरी. आवाजवाल्याने घरून तेलाची बाटली आणली आणि दिवसभर तिचं बूच उपटत बसला. मनासारखा 'टप्' असा आवाज मिळाला, तेव्हा त्याच्या शर्टाचं पार वाटोळं झालं होतं.

नियम लिहिणारा मात्र कडक. त्याने ठरवलं की लाल कुप्या हव्या तितक्या सापडतील, मी अख्ख्या गेममध्ये एकच. लाल कुपी एका दाबात रिकामी होते, पण मला प्यायचं तर डाव्या तर्जनीखालचं बटण शेवटच्या थेंबापर्यंत दाबून धरायचं. मध्येच बोट सुटलं की उरलेलं औषध सांडलं. आणि लढवय्यी मेली तर ती जिन्याशी पुन्हा जिवंत होते, तिच्या वस्तूही तिला परत मिळतात, फक्त मला एकदा उघडलं की मी परत मिळत नाही. चित्रकारीण म्हणाली की लोक रडतील. तो म्हणाला, "रडू देत. फुकट मिळालेला जीव कुणी जपत नाही."

गेम जितक्या घरांत गेला, तितक्या घरांत मी गेले. तितक्या जणी झाले म्हणा ना. मी सांगतेय ती त्यातल्या एका घरातली गोष्ट.

त्या घरात तिघं होती. वहिनी, त्यांचा नवरा आणि नवऱ्याची धाकटी बहीण. बहिणीला तिशी उलटली तरी सगळे बेबीच म्हणायचे. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिच्या भावाला ती दादा म्हणे, म्हणून मीही दादाच म्हणते. ते छापखान्यात कामाला होते. पडद्यावर पिशवी उघडली की मला ही माणसं दिसायची, बंद असली की नुसती ऐकू यायची, आणि उरलेलं बेबीच्या बोलण्यातून कळायचं.

वहिनी शाळेची बस चालवायच्या. मुलं त्यांना टरकून असत आणि मुलांचे आईबाप त्यांच्या जिवावर निर्धास्त. एका सकाळी त्यांच्या हातातला चहाचा कप सुटला, तोंड एका बाजूला वाकडं झालं. दवाखाना वेळेवर गाठला म्हणून निभावलं. पाय सुधारला, जीभही सुधारली. जिभेला काही झालंच नव्हतं असं दादांचं मत होतं, पण ते त्यांनी फक्त बेबीला सांगितलं. डावा हात मात्र रुसून बसला. बोटं वळायची, पण धरलेलं टिकायचं नाही. आणि त्यांच्या बसचा गिअर होता डाव्या हाताला.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला एक मऊ चेंडू दिला होता. वहिनींना त्या चेंडूचा मनस्वी राग. मी काय पाळण्यातलं बाळ आहे का, म्हणून त्यांनी तो सोफ्याच्या मागे ढकलला. मग बेबीने व्यायामाच्या बाईंशी बोलून हा गेम आणला आणि कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. दोन्ही हातांत धरायचं ते यंत्र तिने वहिनींच्या हाती दिलं आणि समजावलं की उजव्या हाताने पळायचं, उजव्यानेच तलवार चालवायची, आणि डाव्या तर्जनीने ढाल धरायची. ढालीचं बटण तेच, माझं बटणही तेच. पिशवीतून कुपी निवडून दाबलं, तर कुपी. नाहीतर ढाल.

पहिल्या दिवशी वहिनींना एका उंदराने मारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा घ्यायच्या आधी गेम लावला. उंदराशी त्यांचं वैर जडलं होतं.

मी त्यांना वरच्याच एका मजल्यावर, कोळ्याच्या जाळ्यामागच्या पेटीत सापडले. माझ्याखाली लिहिलेलं त्यांनी मोठ्याने वाचलं. बेबी हरखली. आता घाबरायचं कारण नाही, असं ती म्हणाली. वहिनींनी मला पिशवीच्या तळाशी ठेवलं आणि म्हणाल्या, अडीनडीला असू दे.

हे ऐकून मला नवल वाटलं नाही. त्या घरातल्या टीव्हीच्या कडेचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. कपाटात चांगल्या बशा होत्या, त्या पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की वहिनी म्हणायच्या, घरचेच तर आहेत, आणि साध्या बशा काढायच्या. माणसं चांगली वस्तू अशी जपतात की वस्तूला आपण चांगल्या आहोत की नुसत्या जुन्या, हेच कळेनासं होतं. मी मशाली, दोरखंड आणि कुठल्याच दाराला न लागणाऱ्या एका किल्लीच्या शेजारी पडून राहिले.

मजले मागे पडत गेले. वहिनी हट्टी होत्या आणि वळण कुठे घ्यायचं ते त्यांना एका नजरेत कळायचं. अरुंद गल्लीत बस घालणाऱ्या बाईला भुयाराचं काय कौतुक. पण ढाल धरायची वेळ आली की धरायच्या नाहीत, बाजूला उडी मारायच्या. आणि मरायची वेळ आली की मरायच्या, पण मला हात लावायच्या नाहीत.

अशा करत त्या तळाच्या मजल्यावर पोहोचल्या. तिथे एका लोखंडी दारापुढे दगडी पहारेकरी उभा होता. अंगाने डोंगर, हातात घण. त्याने वहिनींना किती वेळा चिरडलं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. कामावरून आलेले दादा बूट काढता काढता विचारायचे, अजून त्याच दारात का, आणि उत्तराची वाट न बघता हातपाय धुवायला जायचे.

बेबीचा धीर सुटला. ती म्हणाली, "वहिनी, ती कुपी मेल्यावर पिणार आहेस का?"

वहिनी एरवी नणंदेशी अगं-तुगं करायच्या, पण चिडल्या की एकदम अहो-जाहोवर जायच्या. त्या म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही तुमचे दात बघा."

बेबी स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच आवाज करत लावू लागली.

त्याच सुमारास बसच्या मालकीणबाईंचा फोन आला. बदली चालक सोडून चालला होता आणि शाळा उघडायला आली होती. त्यांचं म्हणणं होतं की वहिनींनी एकदा येऊन बस चालवून दाखवावी. गिअरवर हात टिकला तर जागा त्यांचीच, नाहीतर दुसरं कुणीतरी बघावं लागेल. वहिनींनी सांगितलं, बघते, कळवते. मग कळवलं नाही. मालकीणबाईंनी पुन्हा फोन केला तेव्हा वहिनींनी तो नुसता वाजू दिला. दादांना त्या म्हणाल्या की घाई काय आहे, अजून थोडं बरं वाटू दे.

मग एका दुपारी घरी कुणी नसताना वहिनींनी पिशवी उघडली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. लढवय्यी जिन्याशी सुखरूप उभी होती, आसपास चिटपाखरू नव्हतं. वहिनींनी मला निवडलं नाही. त्यांनी नुसती ढाल उचलून बघितली. ढाल वर आली, थरथरली आणि पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. त्या आपल्याच बोटाकडे बघत होत्या, जसं उलट उत्तर देणाऱ्या मुलाकडे बघावं तसं.

तेव्हा मला उमगलं. ही काटकसर नव्हती. वहिनींना वाटत होतं की आपण कुपी उघडू, बोट मध्येच सुटेल आणि सगळं सांडून जाईल. मग दाखवायला काहीच उरणार नाही, ना इथे, ना बसमध्ये. म्हणून मला बूच, म्हणून मालकीणबाईंना 'कळवते'.

मी कुपी. धीर द्यायला मला तोंड नाही. पण त्या दिवशी वहिनींनी यंत्र खाली ठेवलं नाही. कोऱ्या भिंतीसमोर ढाल धरायची, पडली की परत धरायची, असं त्या करत राहिल्या. दुसऱ्या दुपारीही तेच, तिसऱ्या दुपारीही. पहारेकऱ्याकडे त्या फिरकल्याच नाहीत. बेबीला वाटलं, वहिनी कंटाळली. एकदा ती दवाखान्यातून लवकर घरी आली तर तिला दिसलं की लढवय्यी भिंतीकडे तोंड करून ढाल धरून उभी आहे आणि वहिनींच्या कपाळावर घाम आहे. बेबी चपला हातात घेऊन तशीच आत गेली. शहाणी मुलगी.

सुट्टीचा दिवस होता. जेवणं झाली होती. दादा सोफ्यावर बसून सफरचंद कापत होते. वहिनींनी गेम लावला आणि सरळ तळाच्या मजल्यावर उतरल्या.

पहारेकऱ्याने घण उचलला. वहिनींनी या वेळी उडी मारली नाही. ढाल धरली. घण ढालीवर आदळला आणि ढाल टिकली. दादांची सुरी सफरचंदात अडकून राहिली. पुन्हा घण, पुन्हा ढाल, मग तलवार. पहारेकऱ्याच्या अंगाचे कपचे उडायला लागले. पण तो डोंगर होता. एकेक करत लाल कुप्या संपल्या, लढवय्यी एका गुडघ्यावर आली, जीव सुतावर लोंबकळत राहिला.

पिशवी उघडली. मला तिघांचे चेहरे दिसले. वहिनींनी लढवय्यीला एका खांबाआड नेलं आणि माझ्यावर बोट ठेवलं.

'टप्' झालं. त्या तेलकट शर्टवाल्याची आठवण आली मला.

मी तिच्या ओठांना लागले आणि ओतायला सुरुवात झाली. इतकी वर्षं भरलेली असूनही आपण आत एवढ्या गरम आहोत हे मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात घण खांबावर आदळला. या गेममध्ये हादरा बसला की हातातलं यंत्रही थरथरतं, आणि वहिनींच्या हातात ते वेड्यासारखं थरथरलं. बोट बटणाच्या कडेला घसरलं. दादांनी सुरी टाकून हात पुढे केला, त्यांचं बोट दाबायला.

"हात लावू नका," वहिनी म्हणाल्या.

दादांनी हात मागे घेतला. वहिनींचा जबडा आवळला, खांदा वर आला, सगळं अंग त्या एका बोटाच्या मागे उभं राहिलं. पुन्हा हादरा. बोट थरथरलं, पण दाबलेलं राहिलं. माझ्यातला केशरी रंग खाली गेला, तळाशी आला, आणि शेवटचा थेंब तिच्या ओठांत पडला. एक थेंबही सांडला नाही. माझ्या जन्माचं सार्थक झालं ते तिथे, त्या खांबाआड.

खांब कोसळला तेव्हा त्याच्यामागे गुडघ्यावरची बाई नव्हती. ताठ उभी राहिलेली, ढाल पुढे, तलवार वर अशी बाई होती. पुढचं सगळं फार भराभर झालं. पहारेकऱ्याचा घण गळला, मग तो स्वतः गळला, आणि एवढा मोठा धोंडा खाली आला की घरातला टीव्हीसुद्धा दणाणला. लोखंडी दार उघडलं. दारापलीकडे मजले नव्हते. वर जाणाऱ्या पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांच्या टोकाला ऊन.

बेबी रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकाच वेळी, अजिबात न शोभेसं. दादांनी कापलेलं सफरचंद वहिनींसमोर धरलं. वहिनींनी फोड घेतली ती डाव्या हाताने. मग त्यांनी बेबीकडे फोन मागितला.

"उद्या येते बस चालवून दाखवायला," त्या मालकीणबाईंना म्हणाल्या. "गिअर जड असला तरी चालेल."

दुसऱ्या दिवशीचं मी पाहिलं नाही, बेबीच्या तोंडून ऐकलं. मालकीणबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. वहिनींनी बस चढावरच्या रस्त्याला नेली, मुद्दाम. चढाच्या ऐन मध्यावर थांबवली, गिअर टाकला, हात तिथेच ठेवला आणि बस एक वीतही मागे न सरकता वर गेली. मालकीणबाई बाकावरून उठल्या आणि पुढे येऊन म्हणाल्या की किल्ली आता तुमच्याकडेच राहू दे. शाळा उघडली त्या सकाळी खालच्या रस्त्यावर लांबलचक भोंगा वाजला. दादा खिडकीत धावले. पडद्यामागून मलाही ऐकू आला तो. गेममधल्या कुठल्याही तुतारीला त्याची सर नाही.

आता मी रिकामी आहे. नियमवाल्याने माझ्यासाठी शेवटची ओळही लिहून ठेवली आहे: 'रिकामी कुपी. काही उपयोग नाही.' लिहू दे बापड्याला. पिशवीत जागा कमी पडली तेव्हा वहिनींनी मशाली टाकल्या, दोरखंड टाकला, मला टाकलं नाही. हल्ली त्यांना फुरसत नसते. कधी सुट्टीला गेम लावतात, पिशवी उघडतात, बघतात आणि हसतात.

माझ्या बहिणी मात्र घरोघरी अजून भरलेल्याच पडून आहेत. पहारेकरी पडतो, गेम संपतो, आणि त्या बूच लावलेल्याच राहतात. तुमच्याही पिशवीत एखादी असेल. तिला विचारून बघा, तिला जपून ठेवलेलं आवडतं का. ती नाही म्हणेल. बोट थरथरेल म्हणून थांबू नका, थरथरणाऱ्या बोटानेही बूच निघतं.

आता पिशवी बंद करा. माझी काळजी करू नका. मी रिकामी आहे, आणि मजेत आहे.