वरच्या थरातलं बी

"अय्यूबभायची काय चूक नाय, मॅडम. माज्याच हातानं घाय झाली आसंल," गोदूबाई सुरभी मॅडमना सांगत होती, आणि मी शेजारी खांबासारखा उभा होतो.

आमची रोह्याची हॅचरी कोळंबीचं बी, म्हणजे तळ्यात सोडायची बारीक पिल्लं, तयार करते. मत्स्य खात्याच्या मॅडम तिची तपासणी करायला आल्या होत्या. पेणच्या खारेपाटातली गोदूबाई त्याच दिवशी तक्रार घेऊन आली. तक्रार तरी कसली! तिच्या बचतगटाच्या तळ्यात आमचं बी चार दिवसांत मेलं, आणि ही बाई विचारते, आपलं काय चुकलं. "गटातल्या बाया आता मना तल्याला हात लावू देत नाय," ती म्हणाली.

चूक मला ठाऊक होती. बी देण्याआधी शंभर पिल्लं अर्धा तास गोड्या पाण्यात ठेवायची, मग खाऱ्यात घेऊन किती जगली ते मोजायचं. गोदूबाईचं बी निघालं त्या दिवशी एकसष्टच जगली. असलं बी द्यायचंच नसतं. पण टेम्पो दारात, मालकाचा फोनवर फोन. मी पुन्हा नमुना घेतला, या वेळी टाकीच्या वरच्या थरातून. तगडी पिल्लं वर पोहतात, आजारी तळाशी बसतात, हे बावीस वर्षं मीच नव्या कामगारांना शिकवत आलोय. चौऱ्याण्णव जगली. रजिस्टरमध्ये तेवढंच लिहिलं.

मॅडमनी तेच पान पाहिलं. "चाचणी तर उत्तम आहे. मग काय झालं असेल, अय्यूबभाई?"

"तळ्यात सोडताना होतं असं कधीकधी," मी म्हणालो. लाज वाटली नाही का? वाटली. कान तापले. पण जीभ बेशरम, सरळ चालली.

मॅडमनी फॉर्म भरला आणि गोदूबाईची सही घ्यायला सांगून त्या टाक्या बघायला गेल्या.

गोदूबाईनं बादली ओढली. "तल्यात बी कसं सोडलं ते बघा." बियाची पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तळ्याचं पाणी एक मग आत, थांबायचं, हात घालून बघायचं, पुन्हा एक मग. तिनं सगळं करून दाखवलं. त्या दिवशी तासभर कमरेएवढ्या पाण्यात उभी होती म्हणे. "यात कुटं चुकलं, भाय?"

"कुठंच नाय चुकलं, गोदूबाई."

"ऱ्हाऊ दे. मना बरं वाटावं म्हणून बोलताव," ती हसली. "तुमी मानूसच लय भले."

आमचंच बी खराब होतं. एवढंच तर बोलायचं होतं. पण नोकरी आठवली, बावीस वर्षांचं नाव आठवलं, आणि मी भेकडासारखा फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

"सही कुटं करू?"

'खरेदीदाराकडून हाताळणीत चूक' असं लिहिलेल्या ओळीखाली मी बोट ठेवलं. तिनं ओले हात पदराला पुसले, कोरडे झाले का ते पाहिलं, आणि एकेक अक्षर जपून आपलं नाव लिहिलं.