लेकीच्या केसांचं तेल

शुभांगीने पहिल्यांदा तेल कढवलं ते फक्त लेकीसाठी. लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद होती, नेहमीची बाटली पेडण्याच्या बाजारात मिळेना. म्हणून तिने घाण्यावरच्या खोबरेलात दारची जास्वंद, कढीपत्ता, मेथी, आवळा असं हाताशी होतं ते घातलं आणि मंद आचेवर ढवळत बसली. पल्लवी तेव्हा शाळेत होती. तिचे केस आधीपासूनच दाट होते, गुडघ्यापर्यंत पोचणारे. शुभांगीच्या नवऱ्याच्या, गोकुळदासच्या, आईचे होते तसे. पण शेजारणींनी विचारलं, "चेडवाच्या केसांक काय लावतंस गो?" आणि शुभांगीने कढईकडे बोट दाखवलं.

शेजारणींना दिलं, मग त्यांच्या बहिणींना, मग महिला मंडळाच्या स्टॉलवर बाटल्या गेल्या. म्हापशाला लेबल छापून घेतलं. त्यावर नाव 'पल्लवी केशतेल' आणि फोटो पल्लवीच्या पाठीचा, वेणी मोकळी सोडलेली. गोकुळदास मामलेदार कचेरीत कारकून होता. संध्याकाळी चहा झाला की तो जमिनीवर मांडी घालून लेबलं चिकटवायचा आणि एकही तिरकं जाऊ द्यायचा नाही. तीन माणसांच्या त्या घराला तेव्हा खरंच आनंद होता.

अकरावीत पल्लवीला केस खांद्यापर्यंत कापायचे होते. शुभांगी आधी हसली. मग म्हणाली, "तुझे केस म्हणजे आपलां दुकान. दुकान कोण कापता?"

पुढे ते पल्लवीला सवयीचं झालं. लग्नकार्यात अनोळखी बायका मागून यायच्या, तिची वेणी हातात घेऊन वजन करायच्या, एखादी हळूच ओढूनही बघायची. रविवारी सकाळी आई मोबाईल जनेलाच्या गजांना टेकवून ठेवायची आणि व्हिडिओसाठी तिचे केस विंचरायची. पल्लवीने फक्त पाठ करून बसायचं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा एकदा न्हाल्यावर फणीत मूठभर केस आले. तिने हात फिरवून पाहिला तर कानामागे बोटाला कातडीच लागली. ती तशीच ओल्या केसांनी स्वयंपाकघरात गेली.

"आई, हयसर बघ."

शुभांगीने केस बाजूला केले. नाण्याएवढी जागा, गुळगुळीत, जणू तिथे केस कधी नव्हतेच. तिने केस परत त्या जागेवर ओढले.

"कोणी बघितलां?" तिने विचारलं.

त्याच दुपारपासून उपचार सुरू झाले. आधी कांद्याचा रस. कॉलेजच्या बाकावर शेजारची मुलगी नाक मुरडायला लागली तेव्हा तो बंद झाला आणि ठेचलेली लसूण आली. ती बांधून ठेवल्यावर कातडी लाल झाली, मग फोड आले. पल्लवी कळवळली की शुभांगीचेही डोळे भरायचे, पण हात थांबायचा नाही.

"झोंबता म्हणजे लागू पडता," ती म्हणायची. "तू तेल लावूक कंटाळलंस, म्हणान ह्या झालां."

पल्लवी एक दिवसही कंटाळली नव्हती. पण फोड सुकले तेव्हा मानेवर दुसरी जागा उघडी पडली होती.

"म्हापशाक डॉक्टरकडे जाऊया," ती म्हणाली.

"आणि थंय रांगेत कोण कोण बसलेला आसता, म्हायत आसा? आपलीच गिऱ्हाइकां. पल्लवी तेलाची पल्लवी केस जातत म्हणान डॉक्टरकडे इली, असां आख्ख्या पेडण्यात होतलां."

"होऊ दे."

"तुका सोपां आसा बोलूक."

गोकुळदास लेबलं चिकटवत होता. "चवथ होऊ दे," तो खाली मान घालूनच म्हणाला. "मगे बघूया."

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी तेलाला मागणी असायची. शुभांगीने मदतीला मुळगावहून भावाची मुलगी बोलावली. संजना बारावीत होती, गोड पोरगी, आत्येच्या शब्दाबाहेर नसलेली. बाटल्या भरता भरता ती गाणी म्हणायची. तिचेही केस लांब होते. पल्लवीने ते पाहिलं आणि तिला काही वाटलं नाही. चुलत-मामे बहिणींचे केस लांब असतातच.

आठवडाभराने म्हापशाच्या बसमध्ये मैत्रीण सुविधा शेजारी येऊन बसली आणि तिने मोबाईल पुढे केला. "हे बघ गो, तुझी आई किती गोड बोलते!"

पल्लवीने ओढणी डोक्यावरून सारखी केली आणि पाहिलं. स्क्रीनवर एक पाठ होती. पाठीवर मोकळे केस, त्यांतून फणी फिरवणारा आईचा हात. अंगात पल्लवीचा हिरवा पंजाबी ड्रेस. आईचा आवाज नेहमीच्या ठेवणीतल्या मराठीत सांगत होता, "ही माझी लेक पल्लवी. लहानपणापासून तिच्या केसांना दुसरं तेल लावलेलं नाही." मग हात केसांवरून खालपर्यंत मायेने उतरला.

"काय गो, रडतेस काय?" सुविधाने विचारलं.

"धूळ गेली," पल्लवी म्हणाली. धारगळला ती उतरली आणि परतीच्या बसने घरी आली.

शुभांगी चुलीपाशी तेल ढवळत होती. संजना आदल्या दिवशीच मुळगावला गेली होती.

"संजनाक माझो ड्रेस दिलंस?"

शुभांगीने वर पाहिलं, मग परत कढईत पाहिलं. "व्हिडिओ घालूचोच होतो. लोक विचारीत होते."

"आणि माझां नाव?"

"बाटलीर नाव तुझां आसा. दुसऱ्याचां कसां सांगू?"

"आई, ती मी नाय."

"केस येयपर्यंतच गो. मगे परत तूच."

"आणि नाय इले तर?"

"येतले!" शुभांगीने झारा कढईवर आपटला. "माझ्या तेलान लोकांचे इले, आणि माझ्या पोटच्या पोरीचे येवचे नाय? माका तोंड दाखवूक जागा रवात?"

पल्लवी तिच्याकडे बघत राहिली. तेलाबद्दल आई खोटं बोलत असती तर तिला सोपं गेलं असतं. पण आईला हे सगळं खरंच वाटत होतं. म्हणजे रोज गळणारा एकेक केस हा आईच्या लेखी पल्लवीने केलेला अपमान होता.

चवथ झाली. बाबांच्या 'मगे बघूया'ची तिने वाट पाहिली नाही. एकटीच म्हापशाला गेली. रांगेत ओळखीच्या दोघी होत्या. तिने त्यांच्याकडे बघून मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी डोकं तपासलं आणि सांगितलं, "ही चाई. शरीर आपल्याच केसांच्या मुळांवर उलटतं. तेल लावलं नाही म्हणून ती होत नाही आणि लावलं म्हणून बरी होत नाही. इंजेक्शनं घेऊ. बहुतेकांचे येतात, पण शब्द देत नाही." मग त्या मानेजवळ वाकल्या. "इथं भाजल्यासारखं काय आहे? लसूण कुणी लावली?"

"मीच," पल्लवी म्हणाली.

परतताना ती पेडण्याच्या बाजारात उतरून ताराच्या पार्लरमध्ये गेली. तारा तिला लहानपणापासून ओळखायची. पल्लवीने ओढणी काढली, वेणी सोडून दाखवली. ताराने एकदा त्या जागा पाहिल्या आणि तोंडावर हात ठेवला.

"बारीक कर. अगदी बारीक."

"आईक विचारलंस?"

"केस माझे आसत, तारामावशी."

ताराने वेणी पुन्हा घातली, दोन्ही टोकांना रबर लावला आणि मुळापासून कापली. ती तिने टेबलावर ठेवली. आरशातल्या मुलीचं डोकं लहानसं, ठिकठिकाणी उघडं दिसत होतं. पल्लवीला मानेवर वारा लागला. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

शुभांगी ओसरीवर पार्सलं बांधत होती. पल्लवी फाटकातून आत आली तशी तिच्या हातातली चिकटपट्टी सुटली. ती उठली, दोन पावलं पुढे आली. पल्लवी थांबली. तिला वाटलं, आता आई जवळ घेईल. निदान ओरडेल तरी.

"वेणी खंय आसा?" शुभांगीने विचारलं.

"ताराकडे."

शुभांगीने स्कूटरची चावी घेतली आणि तशीच, घरातल्या गाऊनवर, बाजाराकडे गेली. गोकुळदास दारात येऊन उभा राहिला. लेकीच्या डोक्याकडे बघवेना, म्हणून तो तिच्या पायांकडे बघत म्हणाला, "चाय घेतंस?"

ती नको म्हणाली.

वर्तमानपत्रात गुंडाळलेली वेणी घेऊन शुभांगी परत आली. तिने ती कोमट पाण्यात धुतली, टॉवेलने टिपली, मांडीवर घेऊन तेल लावलं आणि टोकाकडून सुरुवात करून एकेक गुंता सोडवला. पल्लवी आतून बघत होती. आईचा हात इतका हलका तिला कधी लागल्याचं आठवत नव्हतं.

परीक्षा झाल्यावर पल्लवीने पणजीला एका ऑफिसात नोकरी धरली आणि तिथेच एका बाईंकडे खोली घेतली. इंजेक्शनं चालू ठेवली. तेलाची विक्री थांबली नाही. नव्या लेबलवर संजनाची पाठ आली, नाव जुनंच राहिलं. मधे एकदा संजनाचा मेसेज आला: "ताई, मला केस कापायचे होते. आत्या नको म्हणते." पल्लवीने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, "काप." संजनाने कापले नाहीत.

शुभांगीचा फोन दर रविवारी यायचा. जेवलीस का, नोकरी कशी आहे, हे ती विचारायची नाही असं नाही. पण ते पटकन उरकायची.

"केस इले काय गो?"

कानामागे बारीक केस येत होते, पांढुरके, मऊ. मानेवरही येऊ लागले होते. आंघोळीनंतर पल्लवी त्यांच्यावरून बोट फिरवायची आणि कुणालाच सांगायची नाही.

"नाय," ती म्हणाली.

पलीकडे शुभांगीने सुस्कारा सोडला. "तेल धाडतंय. नीट लाय."

"धाड," पल्लवी म्हणाली, आणि फोन ठेवला.